आवाज उतरला, तिकीट चढलं, गर्दी तेवढीच : म्हाताऱ्या रॉकस्टार्सवरून फॅन्स का भांडतात?

५ जुलै २०२५. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम शहर आणि तिथलं व्हिला पार्क हे फुटबॉलचं स्टेडियम. स्टेजच्या खालून एक काळं सिंहासन वर येतं आणि त्यावर बसलेला असतो ७६ वर्षांचा ऑझी ऑस्बोर्न. ज्या ॲस्टन भागात तो लहानाचा मोठा झाला, तो भाग या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पार्किन्सन्स आणि मणक्याच्या ऑपरेशन्समुळे उभं राहून शो करणं त्याला शक्य नव्हतं. तो बसून गायला. पाच गाणी स्वतःची आणि चार ब्लॅक सबाथची, अशी एकूण नऊ. सबाथचे चारही मूळ मेंबर, म्हणजे ऑझी, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि ड्रमर बिल वॉर्ड, २००५ नंतर पहिल्यांदाच एका स्टेजवर आले होते.

बरोबर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

या मधल्या दिवसांत त्या शोच्या क्लिप्स जगभर फिरल्या आणि फॅन्सचे सरळ दोन गट पडले. एक गट म्हणत होता की सूर लागत नाहीये, या अवस्थेत माणसाला स्टेजवर आणायचंच कशाला. दुसऱ्या गटाचं उत्तर होतं की इथे सूर ऐकायला आलंय कोण? आम्ही निरोप द्यायला आलोय.

ऑझीच्या बाबतीत त्याच्या मृत्यूने हा वाद मिटवला. पण मिक जॅगर, पॉल मॅकार्टनी, बॉब डिलन, ॲक्सल रोझ, जॉन बॉन जोव्ही यांच्या बाबतीत तो दर टूरला नव्याने सुरू होतो. मॅकार्टनीचा जन्म १९४२ चा, डिलनचा १९४१ चा. जॅगर आणि कीथ रिचर्ड्स दोघंही १९४३ चे. रोलिंग स्टोन्सच्या २०२४ च्या अमेरिका टूरचा स्पॉन्सर कोण होता माहितीये? एएआरपी, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या लोकांसाठी काम करणारी तिथली संस्था. जोक वाटेल, पण खरं आहे.

मग प्रश्न पडतो की हा वाद नेमका कशावरून आहे? वयावरून? बारकाईने बघितलं तर वय हा त्यातला सगळ्यात छोटा मुद्दा आहे. फॅन चिडतो ते तिकीट काढताना त्याला एक सांगितलं जातं आणि स्टेजवर दुसरंच मिळतं तेव्हा.

आवाजाचं नेमकं काय होतं?

आधी शरीराचं बघू. वय वाढतं तशी स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, स्वरयंत्राचे स्नायू बारीक होतात आणि एका दमात मावणारा श्वासही घटतो. पहिला फटका बसतो तो वरच्या सुरांना. आणि रॉकचा तर सगळा खेळच वरच्या सुरांचा. गन्स एन रोझेसचा 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' हा अल्बम १९८७ मध्ये आला, तेव्हा ॲक्सल रोझ २५ वर्षांचा होता. त्या वयात स्टुडिओत, हवे तेवढे टेक घेऊन मारलेली किंकाळी त्याने साठीनंतर आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-अडीच तासांच्या शोमध्ये मारावी अशी लोकांची अपेक्षा असते.

यावर बँड्सकडे काही ठरलेले उपाय असतात. पट्टी उतरवायची, म्हणजे गिटार अर्धा किंवा एक सूर खाली लावायची आणि अख्खं गाणं खाली आणायचं. वरच्या जागा साथीच्या गायकांना द्यायच्या. मध्येच लांबलचक गिटार सोलो किंवा ड्रम सोलो ठेवायचा, तेवढ्यात गायक बॅकस्टेजला जाऊन पाणी पिऊन येतो. आणि सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे नेमक्या अवघड ओळीला माइक प्रेक्षकांकडे फिरवायचा. त्या क्षणी अंगावर काटा येतो हेही खरं आणि गायकाची सुटका होते हेही खरं!

एल्टन जॉनच्या घशाचं १९८७ मध्ये ऑपरेशन झालं, त्यानंतर तो जुनी गाणी खालच्या पट्टीत गात राहिला. लोकांनी ते स्वीकारलं. बॉन जोव्हीच्या स्वरतंतूंचं ऑपरेशन २०२२ मध्ये झालं आणि पुढे त्याने आवाजाचा हा सगळा झगडा डॉक्युमेंटरीत कॅमेऱ्यासमोर मांडला. त्यानंतर त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांचा सूर बराच मवाळ झाला.

फॅन्सचा खरा संताप असतो तो आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या आवाजावर. मागे कोरस किंवा कीबोर्डचा ट्रॅक वाजणं आता जवळपास सगळीकडे चालतं. पण मुख्य गायकाचाच आवाज ट्रॅकवर असेल आणि तो नुसते ओठ हलवत असेल, तर मग लाइव्ह या शब्दाचे पैसे कशाला द्यायचे?

आपल्याकडे हा प्रश्न असा येत नाही. तरुणपणी काळी दोनमध्ये गाणारा गवई साठीनंतर काळी एकमध्ये गायला बसला तर कुणी त्याची रील बनवत नाही. २००७ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी वयाच्या ८५ व्या वर्षी गायले, तेव्हा लोक तिशीतल्या भीमसेनांशी तुलना करायला आले नव्हते. याचं कारण ख्यालाच्या स्वभावात आहे. राग दर वेळी नव्याने मांडायचा असतो, षड्ज गायकाने आपल्या गळ्याला झेपेल तिथे धरायचा असतो. रॉकमध्ये मात्र रेकॉर्ड हेच मूळ गाणं ठरतं. पुढची चाळीस वर्षं गायकाला स्वतःच्याच पंचविशीतल्या आवाजाशी स्पर्धा करावी लागते.

रील बघून मत बनवताना...

'तेव्हा आणि आता' अशी रील तुम्हीही बघितली असेल. डावीकडे १९८८, उजवीकडे परवाचा शो. फरक ऐकून हसायला येतं. पण डावीकडचा आवाज बहुतेक वेळा टीव्हीसाठी मिक्सिंग टेबलवरून घेतलेला असतो आणि उजवीकडचा गर्दीत हात वर करून धरलेल्या मोबाइलचा. मोबाइलचा माइक एवढा मोठा आवाज झेपत नाही म्हणून दाबून टाकतो, बेस गायब होतो आणि शेजारी बेंबीच्या देठापासून ओरडणारा दोस्त गायकापेक्षा मोठा ऐकू येतो. त्यात तीन तासांच्या शोमधले नेमके फसलेले पंधरा सेकंद निवडलेले असतात.

म्हणून सगळ्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत. पण शोला गेलेला माणूस आणि रील बघितलेला माणूस भांडतात, तेव्हा दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी ऐकलेल्या असतात, एवढं नक्की. बॉब डिलनने यावर आपला उपाय काढला. त्याच्या शोला गेलं की मोबाइल कुलूप लागणाऱ्या पिशवीत बंद करावा लागतो.

पण मग हे लोक थांबत का नाहीत?

सोपं उत्तर आहे पैसा. कॅसेट-सीडीच्या काळात टूर काढायची ती अल्बम खपावा म्हणून. स्ट्रीमिंग आलं आणि गणित उलटं झालं. आता अल्बम काढायचा तो टूरला निमित्त हवं म्हणून. एल्टन जॉनची फेअरवेल टूर सप्टेंबर २०१८ ते जुलै २०२३ अशी चालली आणि तिने ९० कोटी डॉलरपेक्षा जास्त कमाई केली.

पण पैसा एवढंच कारण धरलं तर ब्रूस स्प्रिंगस्टीनचं कोडं सुटत नाही. त्याने २०२१ मध्ये आपल्या गाण्यांचे हक्क सोनीला विकले, त्याची किंमत ५० कोटी डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. घरी बसायला एवढे पैसे पुरतात. तरी तो तीन-तीन तास गातो. सतराव्या-अठराव्या वर्षापासून ज्याने दुसरं काही केलेलंच नाही, त्याला स्टेज हे नोकरीसारखं सोडता येत नाही. जॅगरच्या हृदयाच्या झडपेवर एप्रिल २०१९ मध्ये उपचार झाले आणि जूनमध्ये तो परत स्टेजवर नाचत होता.

'शेवटची टूर' आणि शेवट न होणाऱ्या टूर

इथे मात्र फॅन्सची बाजू घ्यावीच लागते. 'ही शेवटची संधी' म्हटलं की माणूस ऐपतीपेक्षा जास्त खर्च करतो. आणि रॉकमध्ये शेवटची संधी पुन्हा पुन्हा येते. ऑझीनेच १९९२ मध्ये 'नो मोअर टूर्स' नावाची टूर काढली होती. १९९५ मध्ये परत आला तेव्हा टूरचं नाव होतं 'रिटायरमेंट सक्स'! किसने २००० मध्ये फेअरवेल टूर काढली आणि शेवटच्या टूरचा शेवटचा शो केला २ डिसेंबर २०२३ ला, न्यूयॉर्कमध्ये. त्या रात्रीही शेवटी स्क्रीनवर स्वतःचे डिजिटल अवतार दाखवून पुढची सोय करून ठेवली.

मॉटली क्रू तर याच्याही पुढे गेले. २०१४ मध्ये त्यांनी पत्रकारांसमोर कायदेशीर करारावर सह्या केल्या की २०१५ नंतर या नावाने टूर करणार नाही. २०१९ मध्ये तोच करार स्फोटाने उडवल्याचा व्हिडिओ टाकून त्यांनी पुनरागमन जाहीर केलं. ज्याने २०१५ मध्ये 'आता परत दिसणार नाहीत' म्हणून तिकीट काढलं होतं, त्याला हा विनोद किती आवडला असेल?

तिकिटांचा राग याच्याच शेजारचा. २०२२ मध्ये स्प्रिंगस्टीनच्या टूरची तिकिटं 'डायनॅमिक प्रायसिंग'ने, म्हणजे मागणी वाढेल तसा दर वाढवत विकली गेली आणि काहींची किंमत पाच हजार डॉलरपर्यंत गेली. कामगारांच्या आयुष्यावर गाणी लिहिणारा माणूस आणि हा दर! स्प्रिंगस्टीनचं म्हणणं होतं की नाहीतरी ते पैसे काळाबाजारवाल्यांच्या खिशात जाणार, मग ज्यांचा घाम गळतो त्यांना का मिळू नयेत. तर्क म्हणून हे चुकीचं नाही. पण १९८० पासून फक्त त्याच्यावर निघणारं 'बॅकस्ट्रीट्स' हे फॅन मॅगझिन फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झालं, आणि तिकिटांवरून झालेला भ्रमनिरास हे त्यामागचं मोठं कारण होतं. त्यांचा आवाजाबद्दल आक्षेप नव्हता, वयाबद्दलही नव्हता.

त्याच वर्षी द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथने डायनॅमिक प्रायसिंग नाकारलं आणि तिकीट कंपनीने लावलेल्या जादा शुल्काविरुद्ध आवाज उठवून काही रक्कम फॅन्सना परत मिळवून दिली. म्हणजे हे कलाकाराच्या हातात अजिबात नसतं असंही नाही.

ज्यांनी सरळ सांगितलं

सप्टेंबर २०२३ मध्ये एरोस्मिथची निरोपाची टूर सुरू झाली आणि तिसऱ्याच शोमध्ये स्टीव्हन टायलरच्या स्वरतंतूंना इजा झाली. स्वरयंत्राला फ्रॅक्चर असल्याचं पुढे कळलं. वर्षभर वाट बघून ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने जाहीर केलं की आवाज पूर्ण बरा होणार नाही, टूर संपली. ट्रॅक लावून उरलेले शो काढता आले असते. पुढे ऑझीच्या त्या शोमध्ये टायलर थोडा वेळ गाऊन गेला, तेव्हा लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

एसी/डीसीचा किस्सा आणखी वेगळा. २०१६ मध्ये ऐकू येणं कमी झाल्यामुळे गायक ब्रायन जॉन्सनला टूर अर्धवट सोडावी लागली. त्याच्या जागी आला ॲक्सल रोझ, तोही पाय मोडलेला, डेव्ह ग्रोलकडून उसन्या आणलेल्या सिंहासनावर बसून. (ग्रोलचा पाय आदल्या वर्षी मोडला होता, त्याच्यासाठी ते बनवलं होतं.) जॉन्सनसाठी तिकीट काढलेल्यांना पैसे परत घ्यायची मुभा दिली गेली आणि बेल्जियममध्ये हजारो लोकांनी ते घेतले. उरलेल्यांनी कोण गाणार हे माहीत असताना शो बघितला आणि बऱ्याच जणांना तो आवडलाही.

मुंबईचं गणित

भारतातल्या फॅनला यात एक जास्तीचा त्रास आहे. इथे हे बँड येतातच उशिरा. रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवायला आले ते एप्रिल २००३ मध्ये, बँड सुरू होऊन चाळीस वर्षं उलटल्यावर. जॅगर तेव्हा ५९ वर्षांचा होता.

गन्स एन रोझेस भारतात पहिल्यांदा आले डिसेंबर २०१२ मध्ये. तेव्हा स्टेजवर स्लॅश नव्हता, डफ मॅककॅगनही नव्हता. जुन्या लोकांपैकी ॲक्सल आणि कीबोर्डवाला डिझी रीड. मग १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर ॲक्सल, स्लॅश आणि डफ तिघं एकत्र आले, पण ॲक्सल तेव्हा ६३ वर्षांचा. म्हणजे इथल्या फॅनला सुमारे साडेबारा वर्षांच्या अंतराने दोन शो मिळाले. पहिल्यात माणसं कमी होती, दुसऱ्यात आवाज.

लंडनचा फॅन म्हणू शकतो की यावेळी नको, १९९१ मध्ये बघितलंय. मुंबई, पुणे, नागपूरच्या फॅनकडे ते १९९१ नाहीच. त्यामुळे 'आता बघण्यात काय अर्थ' हा सल्ला बाहेरून आला की तो इथे कमेंटमध्ये चिडतो, आणि त्याचं चिडणं समजण्यासारखं आहे.

तिकिटाचे हजारो रुपये भरण्याआधी काही गोष्टी मात्र कुणालाही तपासता येतात. बँडमध्ये आत्ता मूळ माणसं किती आहेत हे बघता येतं. त्याच टूरच्या गेल्या महिन्यातल्या शोचे, पंधरा सेकंदांचे नाही तर अख्ख्या गाण्यांचे व्हिडिओ ऐकता येतात. तिथे काय वाजवलं याची यादीही बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच ऑनलाइन असते. आणि शो रद्द झाला किंवा मुख्य गायक बदलला तर पैसे परत मिळणार का, हे तिकिटाच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत का होईना, लिहिलेलं असतं.