मास्तरांच्या पुढाऱ्यांनो, कप खाली ठेवा

मास्तरांची संघटना भांडण मिटवते म्हणजे काय करते, ते मी जवळून बघितलंय. पुढारी संस्थाचालकाच्या बंगल्यावर जातो. चहा पितो. "जरा सांभाळून घ्या साहेब" म्हणतो. बाहेर येऊन मास्तरच्या पाठीवर हात ठेवतो. झालं, मिटलं! कुणाचं मिटलं?

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. शाळा नववीत सुटली. तू कशाला मास्तरांच्या लफड्यात पडतोस, असं कुणी विचारील. पडतो, कारण आमच्या वस्तीतून जो पहिला मास्तर झाला त्याला ज्येष्ठता यादीत वर असून डावललं आणि खालच्याला मुख्याध्यापक केलं. जिल्ह्याचे पुढारी म्हणाले, "कागद करू नका, संबंध बिघडतात." मास्तरचे संस्थेशी कसले संबंध, भाऊ? संबंध तुमचे.

मग नाईट मारून आल्यावर मी तो कायदा वाचला. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा, 1977 चा. कलम 9 बघा. काढलं, खालच्या पदावर ढकललं, बढतीत डावललं, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. मुदत 30 दिवस. उशीर माफ होतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं, आणि आमचे पुढारी साहेबांकडे चहा पीत होते हे काही सबळ कारण नव्हे. हे 30 दिवस बंगल्यावरच्या खेपांत गेले. संस्थेला तेवढंच पाहिजे असतं.

शिक्षक हा कायद्यानं कामगार नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं 1988 साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलं. काही मास्तर त्यावर खूशही झाले असतील, आपण काय गिरणीवाले आहोत होय! पण औद्योगिक विवाद कायद्याचं दार त्या निकालानं लागलं ना तुमच्यावर? मग तुमच्या पुढाऱ्याला तुमचा कायदा तरी पाठ हवा.

1981 च्या नियमावलीत चौकशी समिती तिघांची. एक संस्थेचा. एक पुरस्कारवाल्या शिक्षकांच्या यादीतला, तोही संस्थेचाच अधिकारी निवडणार. तिसरा मात्र मास्तरनं नेमायचा, कुठल्याही खाजगी शाळेतला कर्मचारी चालतो. तिघांत एवढी एकच खुर्ची आपली! तिच्यावर बसायला किती माणसं तयार केलीत तुम्ही? साक्षीदाराला उलट काय विचारायचं, दडवलेला कागद कसा मागायचा, पटलं नाही तर आपलं वेगळं मत कसं लिहून ठेवायचं, हे शिकवलंत कुणाला? अधिवेशनात हारतुऱ्यांनाच दुपार होते.

आणि जात? "तो विषय काढू नका, प्रकरण चिघळतं." मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे. सगळे कामगार, सगळे शोषित, पण थुंकी बाटायची. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना तो प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला. आज थुंकीच्या जागी गोपनीय अहवाल आलाय. त्यात "उद्धट" एवढा एक शब्द लिहिला की पुरतं.

पण सगळेच तसे नाहीत. तालुक्याच्या एक बाई आहेत, संघटनेत साध्या सहचिटणीस. त्यांनी पहिलं मास्तरला विचारलं, "तुम्हाला नेमकं काय पाहिजे? खुर्ची, फरक, की नुसती माफी?" जिल्ह्याच्या कुणी हे विचारलंच नव्हतं. मग वहीत तारीखवार सगळं उतरवलं. अर्जाची पोच मागितली. संस्थेनं अर्ज घेतला नाही तेव्हा पोस्टानं रजिस्टर धाडला. मास्तरलाही झापलं, "स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकाला शिवी घातलीत, ती बाजू कच्ची आहे, आधी मला सांगा, त्यांच्या वकिलाकडून कळू नये." संस्थेशी बोलायला त्याही गेल्या, नाही असं नाही. पण मास्तरला बरोबर घेऊन, आणि बोलणं झालं ते लिहून खाली सही मागून. सही मिळाली नाही. तेही लिहिलं.

अपील आता उशीरमाफीच्या अर्जासकट दाखल आहे. तारखा पडतायत. परवा जिल्ह्याहून निरोप आला की अपील मागे घ्या, साहेब बोलायला तयार आहेत. बाईंनी उलट निरोप धाडला, बोलू या की. मास्तर येतील, कागद आम्ही आणतो.