खिशातला चाकू

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या जैनथ भागात माणसांच्या खिशात हमखास सापडणारी वस्तू म्हणजे घडीचा चाकू. गाठोड्याची सुतळी कापायला, खताच्या पोत्याची शिवण उसवायला, ठिबकच्या नळीचा तुकडा पाडायला, बांधावरचे वाळूक चिरायला तो लागतोच. कार्तिकात लक्ष्मीनारायणाच्या जत्रेत चाकू विकत घेताना माणसे पाते नखावर घासून बघतात, मूठ दाबून बघतात आणि दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतात. पण घेतलेला चाकू अंगावर कुठे आणि कसा ठेवायचा, याचा विचार मात्र फारसे कोणी करत नाही. पैसे दिले की तो खिशात टाकायचा आणि पुढच्या दुकानाकडे वळायचे! वास्तविक चाकूचे निम्मे गुण पात्यात असतात आणि निम्मे तो ठेवण्यात.

आपल्या वाडवडिलांनी मात्र हा विचार केला होता. मराठी घरात चिरण्याकापण्याचे काम विळीवर चाले. पाते जागेवर स्थिर आणि भाजी फिरती. शेतात विळा होता. त्यामुळे चाकू ही मुख्यतः बाहेर, अंगावर बाळगायची वस्तू. त्याकाळी शिवलेले खिसे कमी, म्हणून त्याच्या जागा ठरलेल्या असत. एक जागा कमरेच्या करदोड्याची. चाकूच्या शेपटाला कडी असे, तीत दोरा ओवून किल्ली आणि कानकोरण्याच्या जोडीने चाकू अडकवत. दुसरी जागा चंची. पान, सुपारी, चुना, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असलेल्या या कापडी पिशवीत अडकित्त्याशेजारी चाकूही बसे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले नक्षीदार अडकित्ते पाहिले की रोज अंगावर बाळगायच्या धारदार वस्तूचे आपल्या लोकांना केवढे कौतुक होते, ते समजते. तिसरी जागा बंडीचा आतला खिसा. तिन्ही जागांमध्ये एक गोष्ट समान होती. चाकूची जागा ठरलेली असे आणि अंधारातही हात नेमका तिथेच जाई.

लिहिणाऱ्या लोकांचाही एक चाकू होता. बोरू तासायला लहान चाकू लागे. निजामी राजवटीत कचेऱ्यांचा कारभार उर्दूतून चाले, तेव्हा त्याला 'कलमतराश' म्हणत आणि तो कलमदानातच ठेवत. म्हणजे जवळ चाकू असणे ही एकेकाळी साक्षरतेची खूण होती! आज वर्गात एखाद्या मुलाच्या दप्तरात चाकू निघाला तर मास्तरांच्या छातीत धस्स होते. चाकू फारसा बदललेला नाही, बदलली ती त्याची सोबत आणि जागा.

पोलादाच्या बाबतीतही आपला मुलूख मागासलेला नव्हता. निर्मळच्या परिसरातले लोहखनिज आणि निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रमच्या भट्ट्या यांची कीर्ती दूरवर होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. हेन्री व्हॉयसी यांनी तिथली पोलाद बनवण्याची रीत पाहून लिहून ठेवली. तिथले पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येत आणि त्याच्या तलवारी घडत. आज गावातला लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून चाकू घडवून देतो. हे पोलाद धार छान धरते, पण गंजते लवकर. असा चाकू घामाने भिजलेल्या खिशात दोन दिवस राहिला की पात्यावर तांबूस ठिपके उमटतात. म्हणून संध्याकाळी पाते पुसून त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे आणि चाकू रात्री खिशाबाहेर कोरड्या जागी ठेवावा. न गंजणाऱ्या पोलादाला एवढे जपावे लागत नाही, पण खिशातला कापूस आणि माती त्याच्याही सांध्यात जाऊन बसतेच.

आता एकेका खिशाकडे वळू. शर्टाचा वरचा खिसा चाकूसाठी सर्वांत वाईट. शेतकरी दिवसातून शंभर वेळा वाकतो. विहिरीवर वाकला की चाकू पाण्यात, आणि कडबा उचलताना वाकला तर कडब्यात, म्हणजे पुढे जनावराच्या तोंडी. पँटचा मागचा खिसाही सोयीचा नाही. मोटारसायकलवर बसले की चाकू आडवा होतो, टोचतो आणि खड्ड्यांतून जाताना हळूहळू वर सरकून रस्त्यात पडतो. राहिला पुढचा खिसा. तो चांगला आहे, पण तिथे चाकूला एकटे राहू द्यावे. किल्ल्या, सुटे पैसे आणि मोबाइल यांच्यात तो टाकला की मोबाइलच्या काचेवर चरे पडतात, आणि मुख्य म्हणजे चाकू खिशातच किंचित उघडण्याची भीती असते. घडीचे पाते पाठीच्या पट्टीच्या ताणावर बंद राहते. वापरून वापरून ती पट्टी सैल पडते. मग तंबाखूची पुडी काढायला घातलेला हात रक्ताळून बाहेर येतो. आमच्या भागात म्हातारी माणसे यावर एक साधा उपाय करतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून तो बंद चाकूवर चढवायचा. रबर सरकवल्याशिवाय पाते उघडतच नाही.

हीच अडचण फ्रान्समध्येही होती. तिथल्या डोंगराळ सव्वा भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू बनवला. पाते हातात असताना मिटू नये म्हणून त्यावर १९५५ मध्ये फिरते कडे आले, आणि पुढे त्याच कड्याने बंद पातेही अडकवता येऊ लागले. आपल्या ट्यूबच्या रबराचाच हा धाकटा भाऊ!

खिशाच्या काठाला अडकवायची चिमटी अलीकडे आपल्याकडच्या चाकूंवरही दिसते. घडीच्या चाकूवर ती आणली अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीने, १९८१ मध्ये. चिमटीमुळे चाकू खिशाच्या तळाशी न जाता काठाशी उभा राहतो आणि एका हाताने निघतो. मात्र तो मागच्या शिवणीला चिकटून अडकवावा आणि पाते ज्या बाजूने बाहेर येते ती बाजू शिवणीकडे ठेवावी. मग पाते उघडायचे म्हटले तरी शिवणच त्याला अडवते. चिमटीचा तोटा एवढाच की कापसाच्या झाडांतून जाताना ती फांदीला अडकते आणि चाकू कधी निसटला ते कळत नाही.

मला विचाराल तर सर्वांत चांगला मार्ग आपल्या गल्लीतल्या शिंप्याकडे आहे. पँट शिवायला टाकताना उजव्या खिशाच्या आत चार बोटे लांबीचा, चाकूपुरता एक अरुंद कप्पा जाड कापडाचा लावून घ्यावा. चाकूच्या शेपटाला गोफ बांधून त्याचे दुसरे टोक पट्ट्याच्या फासात अडकवावे. चाकू उभा राहतो, एकटा राहतो आणि पडला तरी लोंबकळतो, हरवत नाही. म्हणजे हिंडून फिरून आपण करदोड्याशीच आलो! ज्यांना दिवसभर शेतातच राहायचे आहे त्यांनी पट्ट्याला चामड्याचे लहान पाकीट लावावे. डावखुऱ्याने हे सारे डाव्या बाजूला करावे हे वेगळे सांगायला नको.

जागा ठरलेली असण्याचे मोल कळते ते अडचणीच्या वेळी. आमच्या शेजारच्या एका काकांचा बैल रात्री गोठ्यात दाव्यात गुरफटला. दावे मानेला आवळत चाललेले आणि बैल ओढून ओढून फास घट्ट करत होता. तशा वेळी गाठ सुटत नाही, दावे कापावेच लागते. काकांचा चाकू कमरेला होता, बैल वाचला. दुसऱ्या दिवशी मी विचारपूस करायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, चाकू घरात होता अन् म्या धुंडत बसलो असतो, तर यंदाचा पोळा कोणाच्या बैलानं केला असता?" काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण अशा प्रसंगी जिवावर बेतते.

एवढे झाले आपल्या सोयीचे. पण चाकू ठेवण्याच्या पद्धतीवरून लोकही आपल्याला ओळखतात. तेलुगूत 'कत्ती' हा एकच शब्द भाजीच्या सुरीपासून तलवारीपर्यंत सगळ्याला चालतो. अवजार कोणते आणि शस्त्र कोणते, हे बोलण्याच्या संदर्भावरूनच समजून घ्यायचे. मराठीत शब्द वेगळे आहेत, पण 'तोंडात राम, बगलेत सुरी' ही म्हणही तेच सांगते. दोष सुरीचा नाही, बगलेत लपवण्याचा आहे. फळ कापायला घेतलेली सुरी कोणी बगलेत ठेवत नाही.

रामपुरी चाकूचे काय झाले पाहा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचे ते उत्तम काम. पण हिंदी सिनेमातल्या गुंडांनी खटका दाबून तो इतक्या वेळा उघडला की 'रामपुरी' म्हणताच गुन्हाच आठवू लागला. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सहा मीटरहून लांब चाकू स्मारक म्हणून उभारला गेला. चौकात मान मिळाला, पण रामपुरी खिशात घेऊन फिरण्यात आज कोणी प्रतिष्ठा मानत नाही.

कायद्याची नजरही अशीच आहे. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली यातून वगळली आहेत. खिशातला तीन-चार इंची चाकू या मापात बसत नाही. पण म्हणून तो कुठेही चालतो असे नाही. आपण तर सीमेवरची माणसे. सकाळी जैनथला आणि दुपारी पैनगंगेपलीकडे पाहुण्यांकडे. पलीकडे सणासुदीला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम ३७ लागू झाले की चाकू, काठी जवळ बाळगायलाही मनाई होऊ शकते. विमानात चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो मोठ्या सामानात आधीच टाकावा लागतो. तेव्हा मोर्चा, मतदान, परीक्षा, मिरवणूक, कोर्ट अशा ठिकाणी निघताना चाकू घरी काढून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. देवळात जाताना चपला काढतो, तसेच हे.

काही वर्षांपूर्वी एका परीक्षा केंद्राच्या दारावर झडतीत एका मुलाच्या खिशातून चाकू निघाला. मुलगा पहाटे वडिलांबरोबर फवारणीला गेला होता आणि तीच पँट घालून आला होता. दारावरच्या शिपायाने चाकू उघडून पाहिला. सांध्यात कापसाचे तंतू, पात्याला गंज आणि त्याच खिशात सुतळीचा तुकडा. शिपाई स्वतः शेतकऱ्याघरचा असावा. त्याने चाकू बाजूला ठेवला आणि म्हणाला, "जा बाबू, पेपर लिही. जाताना घेऊन जा." नशीब चांगले म्हणून निभावले. तोच चाकू मोज्यात किंवा कमरेच्या आत खोचलेला निघाला असता, तर सुतळीचा तुकडा त्याच्या मदतीला आला नसता आणि मुलाचे वर्ष गेले असते.

यावरून मुलींच्या पर्समधल्या चाकूबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण अनेक आयाबाया विचारतात. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने महिलांना स्वसंरक्षणासाठी लहान चाकू वाटले होते. त्यामागची चीड समजण्यासारखी होती. पण विचार करा, पर्सच्या तळाशी, कंगवा आणि रुमालाखाली घडी घातलेला चाकू वेळेला काढायचा कसा? दोन्ही हातांनी उघडायचा कसा? आणि समोरच्याने हिसकावला तर? मुलीला आधी ओरडायला, पळायला आणि घरी निःसंकोच सांगायला शिकवावे. त्यातून ती शेतकामासाठी, फळासाठी चाकू बाळगत असेल तर तिच्याही कपड्याला धड खिसा शिवून द्यावा. बायकांच्या कपड्यांना खिसे नसणे हा एक वेगळाच अन्याय आहे, त्यावर पुन्हा कधी तरी.

मुलाला पहिला चाकू देताना चार गोष्टी सांगाव्यात. त्याची जागा एकच असावी. चालताना तो बंद असावा. दुसऱ्याला देताना मिटून द्यावा, किंवा आपली म्हातारी माणसे करतात तसा खाली ठेवावा आणि समोरच्याने उचलून घ्यावा. आणि भांडणात हात त्या खिशाकडे कधीही जाता कामा नये. ही चौथी गोष्ट तीन वेळा सांगावी. रागात काढलेला चाकू पुन्हा अवजार होत नाही.

सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरी घालत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. चाकू कितीही देखणा, कितीही महाग असो, त्याची जागा चुकली की तो आधी आपल्यालाच कापतो, कधी बोटाला तर कधी अब्रूला. या जत्रेत चाकू घ्याल तेव्हा तिथून थेट घरी जाऊ नका. वाटेत शिंप्याच्या दुकानात शिरा आणि चाकू दाखवून सांगा, "भाऊ, याला एक जागा शिवून द्या."