वैद्यकाचें दार आणि पूर्वतयारीचें वर्ष

जळगाव जामोद हें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल तें त्या तालुक्यांतील भेंडवळच्या घटमांडणीमुळें. अक्षय्य तृतीयेस घट मांडावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यावरून पाऊस, पीक, इतकेंच काय पण राजाची गादी कशी राहील हेंहि सांगावयाचें! वर्तमानपत्रें तें भाकीत दर वर्षीं आवडीनें छापतात. परंतु ज्याला घट मांडण्याचीहि गरज नाहीं असें एक भाकीत आम्ही येथें करतों. सातपुड्याच्या पायथ्याशीं याच तालुक्यांत भिंगारा, चाळीसटापरी, गोमाळ अशा आदिवासी वस्त्या आहेत. तेथील मूल यंदा डॉक्टर होण्याच्या वाटेस लागणार नाहीं. पुढल्या वर्षींहि लागणार नाहीं. एखादें लागलेंच तर तें इतकें नवल ठरेल कीं त्याचें छायाचित्र छापून येईल, आणि तें छायाचित्रच आमच्या म्हणण्याचा पुरावा होईल.

डॉक्टरची गरज या भागाला नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. डोंगर उतरून खालीं आलें कीं खारपाणपट्टा लागतो. तेथील खाऱ्या पाण्याविषयीं आणि मूत्रपिंडाच्या विकारानें दगावणाऱ्या माणसांविषयीं जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतून वर्षानुवर्षें तक्रारी होत आल्या आहेत. गरज आहे, मुलें आहेत, आणि २०२४ सालापासून जिल्ह्याच्या गांवीं, बुलढाण्यास, शंभर जागांचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे. मग अडलें कोठें?

गुणवत्तेपाशीं, असें उत्तर सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत तत्काळ मिळतें. आमचा वाद आहे तो या उत्तराशीं. वैद्यकीय प्रवेशासाठीं देशभर एकच ‘नीट’ परीक्षा आहे. १८० प्रश्न, ७२० गुण. २०२४ सालीं तिला सुमारें चोवीस लक्ष विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं आणि देशांत एम. बी. बी. एस. च्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. तेव्हां चाळण बारीक असावी हें समजतें. परंतु त्या चाळणींतून काय पडतें? बारावीनंतर एक वर्ष, कधीं दोन वर्षें, लातूरला, नांदेडला किंवा थेट कोट्याला शिकवणीवर्गांत घालविणें आतां मध्यम वर्गांत रीतच होऊन बसली आहे. आमचीं मुलें तिला ‘रिपीट’ म्हणतात. वर्गाची फी, खोलीचें भाडें, खानावळ, वर चांचणी परीक्षांचें शुल्क, आणि घरच्यांची उसनी धीरगंभीर मुद्रा! हें सर्व ज्याच्या बापाला परवडतें त्याच्या मुलाचे गुण वाढतात, व त्या वाढलेल्या गुणांना आपण गुणवत्ता म्हणतों. याचा सरळ अर्थ असा कीं वैद्यकाचें शिक्षण साडेपांच वर्षांचें राहिलेलें नाहीं. त्याच्या आधीं पूर्वतयारीचें एक वर्ष कधींच जोडलें गेलें आहे. फक्त तें महाविद्यालयाच्या आंत नसून बाजारांत आहे. तें वर्ष विकत घेणारा हुशार ठरतो, आणि तेंच वर्ष सरकारनें गरिबाच्या मुलास द्यावें असें कोणी सुचविलें तर ती दर्जाची हानि ठरते. ही तर्कपद्धति आम्हांला तरी उमजत नाहीं.

‘राखीव जागा आहेत ना!’ असें कोणी म्हणेल. आहेत, आणि त्या असल्याच पाहिजेत. परंतु राखीव जागा मूल कोणत्या समाजांत जन्मलें तें पाहते, तें कोणत्या शाळेंत शिकलें तें पाहत नाहीं. नागपुरांत वाढलेला अधिकाऱ्याचा मुलगा आणि आश्रमशाळेंत शिकलेली भिंगाऱ्याची मुलगी यांचीं नांवें एकाच यादींत लागतात. प्रादेशिक आरक्षणाचेंहि तसेंच होतें. महाराष्ट्रांत सत्तर टक्के जागा त्या त्या विभागाला राखण्याचा नियम होता. तो २०२० सालीं रद्द झाला व त्यावर पुष्कळ वादंग माजलें. पण त्या नियमाच्या लेखीं नागपूर व भिंगारा हीं दोन्ही विदर्भच होतीं! घाटावरचें आणि घाटाखालचें यांत काय अंतर आहे हें बुलढाण्याच्या माणसास सांगावें लागत नाहीं, मुंबईच्या शासननिर्णयास मात्र तें दिसत नाहीं.

आतां इतरांनीं काय केलें तें पाहूं. लंडनच्या किंग्ज कॉलेजनें २००१ सालीं अशा मुलांसाठीं सहा वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. ज्या सरकारी शाळा निवडक मुलेंच घेत नाहींत अशा शाळांतील मुलांना थोड्या कमी गुणांवर घ्यावयाचें, पहिल्या वर्षाचा अभ्यास दोन वर्षांत पसरून शिकवावयाचा, जोडीस जादा मार्गदर्शन द्यावयाचें, आणि पुढें सर्वांबरोबर एकाच परीक्षेस बसवावयाचें. साउदॅम्प्टननें लगेच तोच कित्ता गिरविला. कांहीं मुलें गळतात. तें किंग्ज कॉलेजच्या शिक्षकांनीं लपविलें नाहीं. पण बहुतेक टिकतात, आणि जीं टिकतात तीं दुसऱ्यांच्याच मापानें डॉक्टर होतात. उंबरठा खालीं आणला तो आंत येण्याचा. बाहेर पडण्याचा होता तेथेंच आहे. जपाननें तर याहून पुढची युक्ति केली. १९७२ सालीं तेथें जिची विद्यापीठ निघालें. प्रत्येक प्रांतांतून दोन-तीन विद्यार्थी निवडावयाचे, त्यांच्या फीचा भार प्रांतानें उचलावयाचा आणि त्यांनीं नऊ वर्षें आपल्याच प्रांतांत सेवा करावयाची.

हें परदेशचें कौतुक नको असेल तर घरचें उदाहरण घ्या. नागपुरास १९१४ सालीं रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालें व त्यांतून वऱ्हाड-मध्यप्रांताला लायसेन्शिएट डॉक्टर मिळूं लागले. भोर समितीनें मोजदाद केली तेव्हां देशांतील सुमारें साडेसत्तेचाळीस हजार नोंदलेल्या डॉक्टरांपैकीं जवळजवळ तीस हजार असे लायसेन्शिएटच होते. म्हणजे खेड्यापाड्यांची नाडी पाहिली ती त्यांनीं. १९४६ च्या अहवालांत समितीनें एकच पदवी ठेवावी अशी शिफारस केली. समितींतील कांहीं सभासदांनीं त्याला विरोध नोंदविला, पण शिफारस मान्य झाली. दुय्यम दर्जाचा डॉक्टर खेड्याच्या माथीं मारूं नये हा तींतील विचार आम्हांलाहि पटतो. परंतु जुनी, खालची पायरी काढतांना तिच्या जागीं नवी बसवावयास हवी होती. त्या काळीं लायसेन्शिएटांना पुढें एम. बी. बी. एस. होतां यावें म्हणून संक्षिप्त अभ्यासक्रम तरी काढले गेले. नंतरच्या पिढीसाठीं तेंहि कोणास सुचलें नाहीं.

कायदा आड येतो ही सबबहि टिकत नाहीं. १९ सालच्या, म्हणजे २०१९ च्या, राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कायद्यानें नीट बंधनकारक केली आहे, हें खरें. पण तामिळनाडूनें २०२० सालीं नीट उत्तीर्ण झालेल्यांतूनच सरकारी शाळेच्या मुलांसाठीं साडेसात टक्के जागा राखल्या, आणि मद्रास उच्च न्यायालयानें २०२२ सालीं तो कायदा ग्राह्य धरला. तामिळनाडूला जें जमलें तें महाराष्ट्राला कां जमूं नये? आमची मागणी त्याहून एक पाऊल पुढची आहे. बुलढाण्याच्या शंभरांपैकीं निदान दहा जागा सातपुड्याच्या पायथ्याच्या व खारपाणपट्ट्याच्या तालुक्यांतील सरकारी व आश्रमशाळांच्या मुलांसाठीं असाव्या. नीटची पात्रता त्यांनींहि मिळवावी; परंतु प्रवेशानंतरचें पहिलें वर्ष महाविद्यालयाच्या खर्चानें पूर्वतयारीचें असावें. त्यांत भौतिक, रसायन व जीवशास्त्र पक्कें करावें, इंग्रजी पुस्तक उघडतांना वाटणारी भीति घालवावी, वसतिगृह व जेवण द्यावें. वस्तींतील लोक घरीं भिलोरी किंवा कोरकू बोलतात. त्यांच्या दुखण्याची कहाणी दुभाष्याशिवाय ऐकणारा डॉक्टर जर कोठून यावयाचा असेल तर तो याच दहांतून येईल.

एका गोष्टीची मात्र आतांच तजवीज केली पाहिजे. ही सवलत निघतांच दाखल्यांचा सुळसुळाट होईल, आणि शहरांतील शिकवणीवर्गांत बसणारीं मुलें कागदोपत्रीं खेड्यांतील शाळेच्या पटावर चढतील. म्हणून नुसता बारावीचा दाखला पुरेसा मानूं नये. तामिळनाडूनें सहावी ते बारावीची अट घातली आहे. आपण पांचवीपासून घालावी, व हजेरीपट तालुक्याच्या गांवीं कोणासहि पाहतां येईल असा उघडा ठेवावा.