कुत्र्याचं बारसं

शेजारच्या काकूंच्या मुलाने मेलबर्नहून फोटो पाठवला आहे. फोटोत आंघोळीनंतर पुसायचं राहून गेलेलं एक कुरळं कुत्रं. "अहो, लॅब्राडूडल म्हणतात त्याला!" काकू म्हणाल्या. किंमत ऐकून मी चष्मा पुसला.

लॅब्रॅडॉर अधिक पूडल, बेरीज संकर. मी कॉमर्सवाला, मला हा हिशेब असाच दिसतो. तो १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी मांडला. अंधांना वाटाड्ये कुत्रे पुरवणाऱ्या संस्थेत ते होते. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता आणि यजमानांना कुत्र्याची ॲलर्जी! नुसते पूडल त्या कामाला जमेनात, म्हणून ही सोयरीक. पिल्लं झाली तीन, त्यातलं यजमानांना मानवलं एकच. आणि संकरित म्हटल्यावर बाकीची सांभाळायला कुणी पुढे येईना. मग कॉनरननी बारसं केलं. लॅब्राडूडल! झालं, त्याच पिल्लांसाठी झुंबड!

मुदतठेवीला गोंडस नाव दिलं की त्याच व्याजाला रांग लागते, हे मी काउंटरच्या आतून रोज पाहतो. पण ठेव आजारी पडत नाही हो! नावाच्या जोरावर वाटेल त्याने पूडलशी वाटेल त्याचं लग्न लावलं, पिल्लांच्या प्रकृतीची चौकशी न करता. २०१९ साली खुद्द कॉनरननीच ही आपल्या आयुष्याची खंत असल्याचं सांगितलं.

आमच्या सदाशिव पेठेतल्या बोळातला काळ्या रात्रभर फुकट राखण करतो. काकू त्याला 'हाड्' म्हणतात. उद्यापासून मी त्याला 'सदाशिवडूडल' म्हणणार आहे.