घटस्फोटाची नोंद कोणत्या दफ्तरात?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींची ओळख नव्याने पडताळून पाहण्याचे काम २०२५ च्या उत्तरार्धात राज्यभर हाती घेण्यात आले. त्यासाठी प्रत्येक स्त्रीकडे तिच्या स्वतःच्या आधार क्रमांकाबरोबर पतीचा किंवा वडिलांचाही क्रमांक मागण्यात आला. ज्यांना तो देणे शक्य नव्हते त्यांची ओरड झाल्यावर, नोव्हेंबर महिन्यात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून, मृत्यूचे प्रमाणपत्र, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची सत्यप्रत सादर करण्याची मुभा देण्यात आली. सवलत योग्यच होती. परंतु तीत एक शब्दप्रयोग असा होता की, त्यावरून आपल्या कारभारातील एक जुनी उणीव सहज ध्यानात यावी. मृत्यूचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत मिळते. विवाहाचे प्रमाणपत्रही १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या दफ्तरातून मिळू शकते. घटस्फोटाचे प्रमाणपत्र कोणते कार्यालय देते?

सर्वसाधारण हिंदू स्त्रीपुरते बोलायचे तर असे कार्यालय अस्तित्वातच नाही. विवाह संपुष्टात आल्याचा पुरावा एकच, तो म्हणजे ज्या न्यायालयाने विवाह मोडला त्याचा हुकूमनामा. तो ज्या दप्तरात बांधला गेला असेल तेथून त्याची नक्कल मिळवावी लागते, आणि दप्तर कोठे आहे हे शोधण्याचे काम सर्वस्वी त्या स्त्रीवर सोडलेले आहे.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात हा शोध प्रत्यक्षात कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. गावापासून जवळचे न्यायालय तालुक्याचे. तेथील फौजदारी न्यायाधीशापुढे पोटगीचा अर्ज चालतो, आणि पुष्कळ स्त्रियांच्या हाती जो ‘कोर्टाचा कागद’ असतो तो या पोटगीच्या आदेशाचाच असतो. कचेरीत तो दाखवला की कारकून तो परत करतो. त्याचे बरोबरच असते, कारण पोटगीच्या आदेशाने विवाह मोडत नाही. घटस्फोटाची याचिका हिंदू विवाह कायद्याखाली सामान्यतः वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापुढे, किंवा जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे त्याच्यापुढे चालते. म्हणजे पहिला हेलपाटा चुकीच्या दाराशी होतो.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे याचिका विवाह जेथे झाला तेथे, प्रतिपक्ष राहतो तेथे किंवा पतिपत्नी अखेरीस एकत्र राहिली तेथे दाखल होऊ शकते. पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणी ती दाखल करण्याची सोय २००३ च्या दुरुस्तीने झाली. आता विवाह हसनाबादेस झाला, सासर शेजारच्या सिल्लोड तालुक्यात, आणि संसार चाकणच्या कारखान्याजवळील भाड्याच्या खोलीत मोडला, असे धरले तर हुकूमनामा जालना, छत्रपती संभाजीनगर व पुणे यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात असू शकेल. मराठवाड्यातून रोजगारासाठी जे स्थलांतर होते ते पाहता हे उदाहरण मुळीच ओढूनताणून आणलेले नाही. २००३ पूर्वीचा निकाल असेल तर पतीच्या बाजूच्या न्यायालयापासून शोधास आरंभ करणे शहाणपणाचे, हे तिला कोण सांगणार?

संगणकाने हे काम सोपे केले आहे, असे म्हटले जाते व ते अंशतः खरे आहे. ई-न्यायालय प्रकल्पामुळे आता प्रत्येक दाव्यास सोळा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. तो हाती असेल तर दाव्याची स्थिती घरबसल्या कळते. परंतु ज्याच्याजवळ क्रमांक आहे त्याला शोध करावाच लागत नाही. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधावे लागते. त्यासाठी जिल्हा, न्यायालय आणि वर्ष आधी ठाऊक हवे. शिवाय स्त्रीचे नाव कोणते लिहावे? विवाहानंतर तिचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते, कित्येकदा पहिले नावही बदलते. याचिकेत ती सासरच्या नावाने असते, आधारपत्रावर माहेरच्या. त्यात नावे इंग्रजी लिपीत चढवलेली असली की एकाच आडनावाची तीन तीन रूपे होतात. जुने निकाल तर संगणकात मिळतीलच असे नाही. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात जुन्या कागदपत्रांच्या अंकीकरणाचाही समावेश आहे. ते होईल तेव्हा होईल.

मराठवाड्याच्या बाबतीत इतिहासाचीही भर पडते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वी भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. सत्तरीच्या दशकातील निकालाचा माग काढणाऱ्याला त्या जिल्ह्याच्या जुन्या दफ्तराचाही विचार करावा लागतो. त्याच्याही मागे गेलो तर कायद्याचा घटस्फोटच सापडत नाही. मुंबई प्रांतात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला, पण निजामाच्या राज्यातील या प्रदेशाला तो लागू नव्हता. येथील सर्वसामान्य हिंदूंना कायद्याने विवाह मोडण्याची वाट मे १९५५ मध्ये उघडली. तोवर जे होते ते जातीच्या रूढीप्रमाणे: काडीमोड, फारकत आणि त्यानंतर पाट.

ही रूढी १९५५ च्या कायद्याने रद्द झाली नाही. कलम २९ ने रूढीनुसार विवाह मोडण्याचा हक्क राखून ठेवला आणि नेमकी येथेच मोठी गफलत सुरू झाली. मुद्रांक कागदावर चार पंचांच्या सह्या घेऊन लिहिलेली सोडचिठ्ठी अजूनही गावोगाव घटस्फोट म्हणून चालते. नोटरीचा शिक्का उमटला की तिला सरकारी मान्यता मिळाली, असा समजही आहे. परंतु अशी रूढी त्या समाजात आहे हे न्यायालयात सांगावे व सिद्ध करावे लागते, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने यमनाजी जाधव खटल्यात २००२ साली स्पष्टपणे सांगितला. ते न झाल्यास सोडचिठ्ठी निरुपयोगी ठरते. मग दुसरा विवाह अवैध ठरतो आणि द्विभार्या किंवा द्विभर्तृत्वाच्या आरोपाला वाव मिळतो. अशा स्त्रीने कितीही दफ्तरे धुंडाळली तरी तिला काही मिळणार नाही, कारण मिळण्यासारखे काही कोठे लिहिलेच गेलेले नाही. दिवाणी न्यायालयाकडून स्थितीची घोषणा करून घेणे किंवा रीतसर घटस्फोट मागणे, हेच तिला उरते.

नोंदीच्या अभावाची झळ केवळ घटस्फोटितेलाच लागते असे नव्हे. निवृत्तिवेतन घेणारा पुरुष मरण पावला आणि त्याची दुसरी पत्नी कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी गेली, तर पहिला विवाह कायदेशीरपणे मोडल्याचा पुरावा तिच्याकडे मागितला जातो. त्या दाव्यात ती पक्षकार नव्हती. तिला नक्कल हवी असेल तर त्रयस्थ म्हणून, आपला संबंध व कारण दाखवून, न्यायालयाच्या नियमांप्रमाणे अर्ज करावा लागतो; माहितीच्या अधिकाराचा मार्ग तिला उपयोगी नाही, कारण न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच मागितल्या पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला आहे. ज्याला दाव्याचे वर्ष माहीत होते तो तर गेलेला असतो.

कायदेमंडळाला या प्रश्नाची जाण नव्हती असे नाही. १९७६ च्या दुरुस्तीने कलम २३ मध्ये अशी तरतूद घालण्यात आली की, घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी. हेतू उत्तम होता. परंतु एकतर्फी निकालात प्रतिपक्षी स्त्री न्यायालयात आलेलीच नसते. समन्स सासरच्या पत्त्यावर जाते, ती माहेरी असते, आणि आपला विवाह मोडला गेल्याचे तिला काही वर्षांनी कोणाच्या तरी तोंडून कळते. तिला फुकट प्रत कोणी व कोठे द्यायची?

उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्याचे दहावे कलम उघडून पाहावे. न्यायालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा दिला की त्याची प्रत स्वतः विवाहनिबंधकाकडे पाठवावी आणि निबंधकाने ती खास नोंदवहीत चढवावी, असे त्यात सांगितले आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेल्या नागरी नोंदणीच्या पद्धतीत घटस्फोटाची टीप मूळ विवाहनोंदीच्या समासात लिहिली जाते. विधी आयोगाने २००८ च्या २११ व्या अहवालात विवाह व घटस्फोट या दोहोंच्या नोंदणीचा विचार केला होता. उत्तराखंडाच्या समान नागरी संहितेत, जी जानेवारी २०२५ पासून अमलात आली, घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नोंदणी आहेच. त्या संहितेतील इतर वादग्रस्त कलमांविषयी कोणाचे काहीही मत असो. महाराष्ट्राने मात्र १९९८ चा कायदा करताना विवाहाशी थांबणे पसंत केले.

यावर गोपनीयतेचा आक्षेप घेतला जाईल आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. वैवाहिक दाव्यांची सुनावणी बंद दाराआड व्हावी व त्यातील मजकूर प्रसिद्ध करू नये, असे कलम २२ सांगते. छोट्या गावात स्त्रीवर केलेले आरोप चावडीवर वाचले जाण्याची भीती खरी आहे. पण नोंदवहीत आरोप लिहायचे नसतात. दोघांची नावे, न्यायालय, दाव्याचा क्रमांक आणि तारीख एवढ्या चार गोष्टी पुरेत, आणि उतारा संबंधितांनाच मिळेल असा नियम करता येतो. आज त्या स्त्रीला एका योजनेसाठी सबंध निकालपत्र, त्यातील क्रूरतेच्या व चारित्र्याच्या आरोपांसह, अंगणवाडीपासून कचेरीपर्यंत दाखवत फिरावे लागते. गोपनीयतेचा भंग खरा तेथे होतो. पारपत्र खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये नियम बदलताना घटस्फोटाच्या कागदाचा आग्रहच सोडून दिला. राज्याच्या खात्यांनाही काही ठिकाणी तसे करता येईल.

विवाहाची नोंदच झाली नसेल तर टीप कशावर लिहायची, ही अडचण मात्र खरी आहे. म्हणून स्वतंत्र नोंदवहीचा पारशी कायद्यातील मार्ग आपल्या खेड्यांना समासातील टिपेपेक्षा अधिक सोयीचा आहे.

कायदा बदलेपर्यंतही काही करता येते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. दावा चालवण्याइतकेच दफ्तराचा शोध घेणे हेही साहाय्य मानून, तालुका विधी सेवा समितीने माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे, विवाहाचे ठिकाण आणि अंदाजे वर्ष टिपून घ्यावे आणि संबंधित न्यायालयांकडे परस्पर विचारणा करावी. हसनाबादच्या स्त्रीने तीन जिल्ह्यांच्या पायऱ्या चढण्यापेक्षा एका कार्यालयाने तीन पत्रे लिहिणे स्वस्त पडेल. आणि निदान पुढच्या वेळी परिपत्रक काढताना ‘घटस्फोट प्रमाणपत्र’ असे लिहायचे असेल, तर ते कोणत्या कार्यालयात मिळते, तेही त्याच ओळीत लिहावे.