आधी शांतता बसवा, मग स्पीकर!

वऱ्हाडात नवी चारचाकी घरी आली की पहिल्या दिवशी नारळ फुटतो, दुसऱ्या दिवशी मागच्या काचेवर कुलदैवताचे नाव चढते आणि तिसऱ्या दिवशी गाडी म्युझिकवाल्याच्या दारात उभी राहते. त्यातही गाडी ‘फोर बाय फोर’ असेल तर विचारूच नका. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीच्या मालकाला गाण्यातही तोच जोर हवा असतो.

आमच्या पुतण्याने अशी एक थार घेतली. मला तरुणपणापासून रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडून बसायची खोड, म्हणून सल्ल्यासाठी स्वारी माझ्याकडे आली. “काका, आवाज असा पाह्यजे का रस्त्यावरच्या माणसानं वळून पाह्यलं पाह्यजे.” मी विचारले, “बाबा रे, गाणं तू तुझ्यासाठी लावतोस की त्याच्यासाठी?” या प्रश्नाचे उत्तर एकदा नीट मिळाले, की कोणता स्पीकर घ्यायचा आणि किती पैसे घालायचे, हे पुढचे सगळे सोपे होते.

गाडीतली साउंड सिस्टीम सुधारणे ही काही चैन आहे, असे मी म्हणणार नाही. लांबच्या प्रवासात चांगले गाणे म्हणजे निम्मी वाट सरल्यासारखे. आणि जीपगाडीला तर या सुधारणेची गरज इतरांपेक्षा जास्त. महिंद्राने १९४७ साली आपल्याकडे विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा ती गाडी चिखल तुडवायला आणि ओझे वाहायला होती; तिच्यात बसून कोणी भीमसेन जोशी ऐकेल, हा विचार तिच्या आराखड्यात नव्हता. पुढे कमांडर जीपमधून अमरावतीहून अकोल्याला जाताना आम्ही कॅसेटी ऐकल्या खऱ्या. पण बडनेरा मागे पडले की डिझेल इंजिन, ताडपत्रीची फडफड आणि रस्त्यातले खड्डे मिळून गायकाला खाऊन टाकत.

आता रस्ता बदलला. याच महामार्गावर अमरावती आणि अकोल्यादरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून पूर्ण झाली आणि गिनीज बुकात गेली. खड्ड्यांचा आवाज गेला, उरला तो इंजिनाचा, वाऱ्याचा आणि टायरांचा. आणि इथेच खरी गंमत आहे. टायरांची घरघर आणि इंजिनाचा घुमारा बहुतांशी खालच्या पट्टीतला असतो. तबल्याचा डग्गाही त्याच पट्टीतला. म्हणून गाडीने वेग घेतला की पहिला बळी डग्ग्याचा जातो. ऐकणाऱ्याला वाटते, ‘बेस’ कमी पडतो. आणि तो धावतो मोठा सबवूफर आणायला.

पण ध्वनीचा हिशेब आपल्या रोजच्या हिशेबासारखा सरळ चालत नाही. अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटावा असे म्हणाल, तर ताकद सुमारे दहापट हवी. उलट गाडीच्या आतला गोंगाट ३ डेसिबलने कमी केला, तर अॅम्प्लिफायर दुप्पट केल्याचाच लाभ होतो. तोही बॅटरीवर भार न टाकता आणि कानाला इजा न करता. आमचे तरुण मात्र आधी दिसायला रुबाबदार म्हणून जाड नक्षीचे टायर घालतात, ते डांबरी रस्त्यावर भुणभुणू लागले की ती भुणभुण दडपायला हजारो रुपयांचे स्पीकर आणतात. म्हणजे आधी गोंगाट विकत घ्यायचा आणि मग त्याच्यावर मात करायला दुसरा गोंगाट!

म्हणून पुतण्याला मी क्रम सांगितला तो असा. पहिला खर्च शांततेवर. दाराचे रबर तपासायचे, दारांच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावून घ्यायची; पत्र्याचे थरथरणे थांबले की आहे तोच स्पीकर निम्मा सुधारतो. दाराच्या आत पावसाचे पाणी उतरत असते, तेव्हा त्याची वाट बुजवायची नाही, हे कारागिराला बजावायचे. दुसरा खर्च पुढच्या दोन चांगल्या स्पीकरांवर, कारण गाणे समोरून यावे, मानेमागून नव्हे. तिसरा बेताच्या अॅम्प्लिफायरवर आणि त्याहूनही अधिक त्याच्या वायरवर. बॅटरीकडून येणारी वायर पुरेशी जाड हवी, बॅटरीच्या जवळच फ्यूज हवा आणि अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट बसवलेले हवे. मूळ वायरी कापून टेप गुंडाळणारा कारागीर स्वस्तात पडतो. पण उद्या शॉर्टसर्किट झाले तर गाडीच महागात पडते. सबवूफर सर्वांत शेवटी, लहानसा आणि बोल्टने पक्का कसलेला. घाटात मागे सुटी पडलेली जड पेटी म्हणजे संकटच.

आता कानाचे सांगतो, कारण खरी किंमत तिथे मोजावी लागते. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी, की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालेल. मात्र पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि मोठ्या स्पीकरांच्या सर्वांत जवळ, मागच्या सीटवर, बसते कोण? घरातली लहान मुले. त्यांना ‘आवाज कमी करा’ म्हणायची मुभा आपण क्वचितच देतो.

गाडीबाहेरही जग आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वळणापलीकडच्या एस.टी.चा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. तो तुमच्या ढोलकीत बुडाला तर पुढचे सांगायला नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मेळघाटात तर नियमाआधी लाजच आड यावी. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी हे एक. शंभरावर वर्षे नाहीसा मानलेला आणि १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा दिसलेला रानपिंगळा इथल्या सागवनात दिवसाढवळ्या साद घालतो. फोर बाय फोर गाडी आपल्याला अशा जागी नेऊ शकते, हेच तर तिचे मोठेपण. तिथे पोचून सिपनेच्या काठी दारे उघडी टाकून गाणी वाजवायची असतील, तर राजकमल चौक काय वाईट होता?

चांगल्या सिस्टीमची माझी परीक्षा साधी आहे. गाडी ताशी ८० च्या वेगाने चालली असावी, गाणे सुरू असावे, त्यातला डग्गा स्वच्छ ऐकू यावा. आणि त्याच वेळी मागे बसलेल्या आजीने “जरा पाणी दे रे” म्हटले, तर तेही पुढच्याला ऐकू यावे. ही परीक्षा जी गाडी पास झाली, तिच्यावर घातलेला पैसा सत्कारणी लागला. रस्त्यावरच्या माणसाने वळून पाहिले नाही, तर नाही पाहिले.