तडजोड, पण कोणाच्या पदरची?

आमच्या काही मित्रांना अलीकडे सामंजस्याचा मोठा उमाळा आला आहे. प्रतिपक्ष अडवणूक करीत असेल तर आपण दोन पावले मागे यावे, त्याला चुचकारावे, काही त्याचे ऐकावे, काही आपले पुढे रेटावे. राजकारण म्हणजे अखेर देवघेवच, असे त्यांचे म्हणणे. उलटपक्षी, प्रतिपक्षाबरोबर चहा घेणे हाही तत्त्वच्युतीचा पुरावा मानणारे मित्र आपल्यात कमी नाहीत. या दोन्ही मंडळींचा वाद ऐकताना एका गोष्टीचे नवल वाटते. तडजोड करावी की करू नये, याचा खल तासन्‌तास चालतो. परंतु जे द्यावयाचे ते कोणाच्या पदरचे, हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही. पुढारी स्वतःच्या पदरचे, म्हणजे आपला मान, आपली घाई, आपला मुहूर्त, आपले पद देत असेल, तर त्याने ते अडेलतट्टू विरोधकालाही खुशाल द्यावे. परंतु जे त्याचे नव्हेच, जे बैठकीत हजर नसलेल्या माणसांचे आहे, ते देऊन टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

कशेडी घाटाच्या अलीकडे महाड-पोलादपूरचा जो मुलूख आहे, त्याने या प्रश्नाची परीक्षा एकदा नव्हे, अनेकदा दिली आहे. त्यांतील सर्वात मोठी परीक्षा १९२७ सालची.

सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, धर्मशाळा इत्यादी अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी कंडी पिकली, परिषदेच्या माणसांवर लाठ्याकाठ्यांचा हल्ला झाला, आणि पुढे शेण-गोमूत्र, दूध-दह्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. येथवरची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याच्या पुढचा, आणि तो सभांतून फारसा सांगितला जात नाही.

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. हीसुद्धा एक तडजोडच होती! सनातनी मंडळी ऐकावयास तयार नव्हती, सहकार्याचे तर नावच नको; तेव्हा नगरपालिकेने त्यांच्यापुढे मान तुकवली. गावाची शांतता, सलोखा, काळवेळ ही अशा प्रसंगी पुढे होणारी कारणे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु या तडजोडीत नगरपालिकेच्या एकाही सभासदाच्या पदरचे काय गेले? त्यांच्या घरचे पाणी तुटले नाही. गेले ते ज्यांना त्या सभागृहात बसण्याची सोयच नव्हती त्यांचे.

त्याच वर्षाअखेरचा दुसरा प्रसंग पाहा. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा ब्राह्मणेतर चळवळीचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. अट एवढीच की, चळवळीत ब्राह्मणांना घेऊ नये. पाठिंब्याची निकड नव्हती असे कोणी म्हणू नये. मंडप घालावयास सवर्ण हिंदूंपैकी कोणी जागा देईना. अखेर ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. अशा ओढगस्तीत पुण्याचे वजनदार मित्र आपणहून चालत येत होते. तरीही आंबेडकरांनी अट नाकारली. आपले भांडण ब्राह्मण्याच्या वृत्तीशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसांशी नाही, ही त्यांची भूमिका होती. आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी! संख्याबळाच्या मोहाने जेधे-जवळकरांची अट पत्करली असती, तर जन्मावरून माणसाला वगळण्याच्या ज्या रूढीविरुद्ध लढा उभा राहिला, तीच रूढी लढ्याच्या दारात पहाऱ्यावर बसली असती. आज आघाड्या जुळविताना ‘अमक्यांना तेवढे बाजूला ठेवा’ अशा सूचना येतात, तेव्हा आमच्या मित्रांना हा प्रसंग का आठवत नाही, कोण जाणे.

तिसरा प्रसंग सर्वात अवघड. सनातन्यांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेस हजारो माणसे जमली होती. गावोगावची माणसे तुरुंगात जाण्याची तयारी करून आलेली होती. भाषणांमागून भाषणे सत्याग्रहाच्या बाजूने झाली. कलेक्टरांनी परिषदेत येऊन हुकूम न मोडण्याची विनंती केली. २७ डिसेंबरला स्वतः आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि पाण्याला हात न लावता परत फिरले.

आमचे तडजोडवादी मित्र या प्रसंगाकडे बोट दाखवितात. बाबासाहेबही मागे आले, मग तुमचे काय घेऊन बसलात, असा त्यांचा सवाल. परंतु मागे कशातून आले? मुहूर्तातून. सनातन्यांना हेच हवे होते की, अस्पृश्यांचे भांडण आपल्याशी न राहता सरकारशी जुंपावे आणि आपण काठावर बसून मजा पाहावी. तो डाव आंबेडकरांनी साधू दिला नाही. त्यांनी तारीख सोडली, तत्काळ मिळणारा विजय सोडला, अनुयायांची नाराजी पत्करली. तळ्यावरचा हक्क मात्र तसूभरही सोडला नाही. तो दावा ते पुढे वर्षानुवर्षे लढले. महाडच्या न्यायालयात, तेथून ठाण्याच्या आणि अखेर मुंबईच्या उच्च न्यायालयात तो गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले. ऑगस्टमधील नगरपालिकेची माघार आणि डिसेंबरातील परिषदेची माघार या दोहोंना ‘तडजोड’ हा एकच शब्द लावणाऱ्याने भाषेवर अन्याय केला आहे.

येथवर दुर्बळ पक्षाची गोष्ट झाली. बलिष्ठाने काय करावे?

कशेडीचा बोगदा होण्यापूर्वी ज्यांनी त्या घाटातून रात्री-अपरात्री प्रवास केला आहे, त्यांना घाटाचा नियम सांगावयास नको. रस्ता अरुंद असेल आणि समोरासमोर गाड्या आल्या, तर उतरणीच्या गाडीने थांबावे आणि चढणीच्या गाडीला वाट द्यावी. चढणारी गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलणे कठीण. उतरणारीला तो त्रास नाही. सत्ता ही नेहमी उतरणीची गाडी असते. पैसा, पोलीस, दप्तर, बहुमत असा सगळा उतार तिच्या बाजूचा. म्हणून विरोधक सहकार्य करीत नाहीत ही सत्ताधाऱ्यांची तक्रार आम्हांला नेहमी हास्यास्पद वाटत आली आहे. वाट देण्याचे काम आधी त्यांचे.

हे ज्यांनी ओळखले नाही त्यांची उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधानसभेत आणले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी हजारोंनी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. सत्तेवर बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. विधेयक विरोधकांचे, म्हणून ते तसेच पडून राहिले. खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ साली, आणि तो केला काँग्रेसनेच! मधल्या बारा वर्षांचे मक्ते कोणी भरले? खेरांनी नव्हे, खोताच्या कुळाने.

याच्या उलट उदाहरण प्रतापगडचे. जानेवारी १९५६ मध्ये मोरारजीभाईंच्या सरकारने मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला गोळीबाराने उत्तर दिले होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. समितीने निदर्शने जाहीर केली होती. एस. एम. जोशींनी ती शांततेत पार पाडण्याची जबाबदारी अंगावर घेतली आणि ती पार पाडली. चव्हाणांच्या सरकारने मुंबईची पुनरावृत्ती केली नाही. समितीने मागणी सोडली नाही, चव्हाणांनी पद सोडले नाही. तरी दोघांनी मिळून रक्तपात टाळला. अडीच वर्षांत, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. चव्हाणांचे आम्ही कधीच भाट नव्हतो, पण त्या दिवशीचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. मात्र राज्याचा सौदा पुरा झाला तेव्हा बेळगाव, निपाणी, कारवार बाहेर राहिले. मुंबईत पेढे वाटले जात असताना पदरचे गेले ते सीमाभागातल्या मराठी माणसाचे. त्यांचे दुखणे आज साडेसहा दशकांनंतरही बरे झालेले नाही.

तीच काँग्रेस १९६२ साली २६४ पैकी २१५ जागा जिंकून आली. शेतकरी कामगार पक्षाचे आमदार होते १५. तरीही त्या पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले, आणि १९६७ साली त्यांच्या पक्षाला १९ जागा मिळाल्या तेव्हाही त्या पदावर राहिले. एकदशांशाचा हिशेब त्या काळीही कोणाला मांडता आला असता. तो कोणी मांडला नाही. आणि धुळप किंवा त्यांचा पक्ष काही सरकारशी गोडीगुलाबीने वागत नव्हता! २०२४ च्या निवडणुकीनंतर चित्र काय? शिवसेनेच्या ठाकरे पक्षाचे २० आमदार निवडून आले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी गुहागरचे भास्कर जाधव यांचे नाव दिले. त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशन विधानसभेने विरोधी पक्षनेत्याविनाच उरकले. सव्वादोनशेहून अधिक आमदार पाठीशी असताना एक खुर्ची देण्याने कोणता डोंगर कोसळणार होता? येथे देण्यासारखे होते ते सरकारच्या स्वतःच्या पदरचे, आणि तेवढेही हात सुटेना.

याच अधिवेशनात विरोधकांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. एका डोळ्याने पाहणे आमच्या पक्षाला शोभत नाही. जनसुरक्षा विधेयक २५ सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेले होते. विरोधी पक्षांचे अनुभवी नेते त्या समितीत होते. राज्यभरातून संघटनांनी, कार्यकर्त्यांनी, वकिलांनी हजारो हरकती पाठविल्या. एखादी संघटना सरकारने बेकायदा ठरवावी आणि तिच्याशी संबंध आला म्हणून माणसाने तुरुंगात जावे, अशी ही तरतूद. समितीने काही शब्द बदलले. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झाले. स्पष्ट विरोध नोंदविला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या एकट्या विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत सभात्यागाचे शौर्य दाखविण्यात आले. समितीच्या खोलीत जे शब्द मान्य झाले त्यांची किंमत समितीतला कोणता नेता मोजणार आहे? ती मोजावी लागली तर धरणग्रस्तांचा, आदिवासींचा, कंत्राटी कामगारांचा मोर्चा बांधणारा कार्यकर्ता मोजील. खुर्चीसाठी महिनोन्‌महिने भांडणारे विरोधक या कलमांवर तेवढे भांडले असते तर आम्हांला अधिक आदर वाटला असता.

कोणी विचारील, डिसेंबर १९२७ च्या तहकुबीनंतर दहा वर्षे पाण्यावाचून राहिले ते तरी कोण? आंबेडकर की गावकुसाबाहेरची माणसे? मग ती तडजोड दुसऱ्याच्या पदरची नव्हे काय? आक्षेप बिनतोड वाटतो, पण त्या परिषदेच्या कामकाजाकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. तहकुबीचा निर्णय बंगल्यावर चार पुढाऱ्यांत झाला आणि मग लोकांना कळविला गेला, असे घडले नाही. ज्यांनी किंमत मोजावयाची होती ती माणसे समोर बसलेली होती, आदल्या दिवशी त्यांतल्याच वक्त्यांनी उलट बाजूने भाषणे केली होती, आणि त्यांच्याच पुढे ठराव मांडून, कारणे सांगून, त्यांची संमती घेण्यात आली.

आपल्या पक्षाचे कार्यकर्ते आज नगरपालिकांत, पंचायत समित्यांत, कोठे आघाडीत तर कोठे एकटे बसलेले आहेत. उद्या कोणी त्यांच्यापुढे पाणीयोजनेचा, गायरानाचा, औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा समझोता ठेवील आणि विरोधक ऐकत नाहीत, वेळ कमी आहे, सही करा, असे सांगेल. सहीपूर्वी त्यांनी त्या समझोत्याचा कागद त्या वाडीवर न्यावा आणि तिथल्या लोकांसमोर मोठ्याने वाचावा.